मोहगावची कलमी वात

५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येईल. त्याच दिवशी सौंसरच्या शोभा कळंबे यांच्या माजघरात चाचणीसाठी लावलेला एक दिवा दुपार होण्याआधीच विझला. या दुसऱ्या गोष्टीला मात्र तीन माणसांच्या सांगण्याखेरीज आधार नाही. तिघांचे एकमत आहे ते एवढ्यापुरतेच.

वात मोहगावच्या जयवंता घागरे यांनी वळलेली होती. जयवंताबाई शोभाबाईंच्या थोरल्या बहीण. साठीला आलेल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. घरच्या कापसातली सरकी हाताने काढायची, कापूस बोटांनी पिंजायचा आणि दुधाचे बोट लावून वाती वळायच्या, हे काम त्या लग्न होऊन आल्यापासून करीत आहेत. सौंसर-पांढुर्ण्याच्या लग्नघरांतून त्यांच्या वातींना मागणी असते. दुकानातल्या तयार वातींना त्या ‘दवाखान्याचा कापूस’ म्हणतात. नम्रता हा गुण त्यांच्या अंगी आहे असे त्यांच्या जवळच्या माणसांपैकी कोणीही म्हटले नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी मला ऐकवले, “माही वात मले इचारल्याबिगर विझत नाही.”

त्यांचे वडील तिगाव स्टेशनवर नोकरीला होते, हे नक्की. ते सिग्नलचे दिवे भरत, वातीची टोके कातरीने गोल करीत आणि लहानग्या जयवंताला शेजारी बसवून ‘टोक चौकोनी राहिलं का ज्योतीले शिंगं फुटतात’ असे शिकवीत, हे केवळ जयवंताबाईंचे म्हणणे आहे. मी ते खोडू शकलो नाही आणि सिद्धही करू शकलो नाही. वातीचे टोक त्या आजही गोल कातरतात, एवढे मी पाहिले आहे.

त्या वर्षी शोभाबाईंपुढे पेच उभा राहिला होता. त्यांची मुलगी भाग्यश्री नागपूरला दिलेली. तिची पहिली मुलगी टाळेबंदीत झाली, तेव्हा बारसे झालेच नाही. आता दुसरी मुलगी झाली होती आणि बारसे धरले होते नेमके नवरात्रातल्या पंचमीला. बाळंतविडा घेऊन आजीने जायचे असते. शोभाबाईंनी कुंच्या शिवून ठेवल्या होत्या, त्यांना लेस लावली होती. परंतु कळंब्यांच्या घरी घटापुढचा नंदादीप नऊ दिवस अखंड ठेवतात आणि त्या घरचा नेम असा की ज्या हाताने दिवा लावला त्याच हाताने वात सारायची, म्हणजे काजळी झाडून टोक पुढे ओढायचे. लग्नानंतर काही वर्षांनी सासूने तो हात शोभाबाईंचा ठरवला. तेव्हापासून नवरात्रात त्यांनी गावाची वेस ओलांडलेली नव्हती, कारण त्या दिव्याची वात सारखी सारावी लागे. सकाळच्या बसने नागपूर गाठून दिवेलागणीला परत यायचे, तर दिवसभर हात न लावता जळणारी वात हवी होती.

पितृपक्ष लागला तशा शोभाबाई मोहगावला आल्या. तो संवाद दोघी बहिणींनी जवळपास सारखाच सांगितला, म्हणून तो देण्यास हरकत नाही.

“ताई, सकाळपासून संध्याकाळलोक सारा लागनार नाही, अशी वात होते का?”

“काहून नाही होत? तू कोनाच्या घरी बसून राहिली?”

“फुशारकी नोको मारू व. झाली नाही तर मी तुह्या तोंडाकडं पाहत बसू का पंचमीले?”

“मंग पाय. माह्या तोंडाकडं पाहून भुरका झालेला मानूस थो बसला,” असे म्हणून जयवंताबाईंनी ओसरीकडे हात केला. तिथे त्यांचे पती भिवाजी संत्र्याच्या कलमांसाठी पट्ट्या कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पहिली वात त्यांनी जाड वळली. ती धूर ओकू लागली आणि भिवाजींचे पांढरे धोतर दोरीवरच राखाडी झाले. दुसरी घट्ट पिळाची होती. तिच्यातून तेल वर चढेना, ज्योत जोंधळ्याच्या दाण्याएवढी होऊन बसली. तिसऱ्या खेपेला जयवंताबाईंनी पीळ सैल ठेवला, मधला कापूस नुसता थापून घेतला आणि वरून सुताचे विरळ वेढे दिले. ही वात मोहगावात सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत एका जागी जळली. त्यांनी गल्लीत साखर वाटली, आणि तीच वात घेऊन सौंसरची बस धरली.

तीच वात शोभाबाईंच्या माजघरात दुपारपर्यंतही टिकली नाही. शोभाबाईंचे सासरे पुंडलिकराव निवृत्त शिक्षक आहेत. ते शेजारी रेडिओवर नव्या जिल्ह्याची बातमी ऐकत होते. ते म्हणाले, “घ्या! जिल्हा आला अन् दिवा गेला.”

जयवंताबाईंनी आधी वाऱ्याला दोष दिला. खिडकी लावून पुन्हा दिवा लावला, पुन्हा विझला. मग समईला दोष दिला, मग शोभाबाईंच्या हाताला.

“तुह्या हातालेच बरकत नाही, शोभे.”

“माह्या हातानं इतकी वर्सं जळला ना दिवा? तुही वातच फुसकी निंघाली, हे म्हन ना!”

बहिणी दोन दिवस बोलल्या नाहीत. दोघींनीही हे स्वतंत्रपणे कबूल केले, आणि दोघींनीही दुसरीने आधी फोन केल्याचे सांगितले.

उलगडा झाला तो विझलेली वात भिवाजींच्या हातात आली तेव्हा. ती जयवंताबाईंनी रागारागाने पदरात बांधून मोहगावला आणली होती. टोकाला डिंकासारखा कडक पापुद्रा धरलेला. भिवाजींनी तो नखाने खरवडला, हुंगला आणि ते म्हणाले, “हे तर जवस हाय. मी विळ्याच्या मुठीले लावतो थेच. वाळलं का चामड्यावानी होते.”

जयवंताबाईंनी तिथूनच फोन लावला. “शोभे, दिव्यात तेल कायचं टाकतं व?”

“देवीचं.”

“देवीचं म्हनजे कायचं?”

“जवसाचं! दुसरं कायचं राहते?”

कळंब्यांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जवस पेरतात आणि घाण्यातले पहिले तेल नंदादीपासाठी राखून ठेवतात. त्या घरात ‘दिव्याचे तेल’ म्हणजे जवस, हे सांगण्याची कोणाला कधी गरज पडलेली नाही. घागऱ्यांच्या घरी दिव्याचे तेल म्हणजे तीळ, आणि तेही कोणी सांगत नाही. मोहगावातल्या चाचण्या सगळ्या तिळाच्या तेलावर झाल्या होत्या. जवसाचे तेल उष्णतेने आणि हवेने घट्ट होत जाते, वातीच्या टोकाशी साय धरते आणि खालून येणाऱ्या तेलाची वाट बंद करते. शोभाबाईंना वात सारखी सारावी लागे, त्याचे कारण हेच. त्यांच्या हाताचा यात काही दोष नव्हता. जयवंताबाईंनी तसे मान्य केले, पण लहान आवाजात.

तेल बदलण्याचा विषय निघाला तेव्हा पुंडलिकरावांनी मान हलवली. “तेल शोभाच्या सासूचा नेम हाय, बाई. थ्याले हात नाही लावत मी. वात तुमची हाय, थे बदला.”

“अन् मामाजी, नाही बदलली तर?” जयवंताबाईंनी विचारले.

“तर सून माही घरी राहीन, अन् नागपूरहून पोरीचा फोन आला का उत्तर मले द्या लागन. म्हनून म्हनतो, बदला.”

पुढची कल्पना कोणाची, यावर घागरे दांपत्यात आजही वाद आहे. भिवाजी सांगतात, “जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम करतानी मी संत्र्याचे दोन डोळे बांधतो. एक नाही धरला तर दुसरा धरते. मी म्हटलं, वातीलेही बांध दुसरा डोळा.” जयवंताबाई सांगतात, “थे पट्ट्या कापून राहिले होते अन् मी पाहून राहिली होती. तोंडातून त्यायच्या एक शब्द निंघाला नाही. इतक्या वर्सात कधी निंघाला, का त्याच दिवशी निंघन?”

कल्पना कोणाचीही असो, करणी जयवंताबाईंची होती. मुख्य वातीच्या पोटाला, टोकापासून अंतर सोडून, त्यांनी दुसरी कोवळी वात सुताने बांधली, तिच्या खाली तिसरी. पहिलीच्या टोकाला साय धरली की ज्योत मागे सरकत येते. ती बांधलेल्या टोकाशी पोहोचली की ते ताजे, तेलात मुरलेले टोक पेट घेते. हात लावावा लागत नाही. पहिल्या प्रयत्नात अंतर फारच कमी पडले आणि तिन्ही टोके एकदम पेटून समईची मशाल झाली. भिवाजींनी तिच्यावर तपेले पालथे घातले. मग अंतर वाढवले, वेढे विरळ केले. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, या वेळी जवसाच्या तेलावर, वात दिवसभर जळली. भिवाजींनी तिला ‘कलमी वात’ म्हटले. या नावावर मात्र दोघांचा वाद नाही.

आणखी एक शंका शोभाबाईंनी काढली. टोक बदलले म्हणजे दिवा तोच राहिला का? पुंडलिकराव म्हणाले, “जोत जोतीले भेटली. मधात कोनाचा हात आला नाही. देवी काही वाती मोजत नाही बसत.”

पंचमीला शोभाबाई सकाळच्या बसने निघाल्या. जयवंताबाईही निघाल्या. घरी थांबून पहारा करा, असे सुचवले गेले तेव्हा त्यांनी नकार दिला. “मी इथं बसली तर उद्या म्हनसान, जयवंतानं हात लावला. मी पाळना म्हनाले जातो.” दिव्यापुढे खुर्ची टाकून पुंडलिकराव एकटे बसले.

बारशात शोभाबाईंनी बाळाला कुंची घातली, मांडीवर घेतले आणि दुसऱ्या हाताने सासऱ्यांना फोन लावला. “जळून राहिला,” उत्तर आले. घुगऱ्या वाटताना पुन्हा लावला. “जळून राहिला, बापा.” जेवणे झाल्यावर लावला तेव्हा घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, तेच. शोभाबाईंचा चेहरा उतरलेला पाहून जयवंताबाईंनी पाळणा इतक्या वरच्या पट्टीत धरला की बाळ जागे झाले आणि शेजारच्या बायका दारात आल्या. नंतर केव्हातरी पुंडलिकरावांनीच फोन केला. “डोळा लागला होता. दिवा हाय. सावकाश या.”

दिवेलागणीला दोघी उंबऱ्यात पोहोचल्या. समई जळत होती, शेवटच्या कलमावर. शोभाबाई चप्पल काढायचे विसरल्या, मग आठवण होऊन परत फिरल्या, आणि हसू आवरेना म्हणून भिंतीला धरून उभ्या राहिल्या. हातपाय धुऊन त्यांनी वात सारली. त्यानंतरच्या प्रत्येक नवरात्रात त्या एक दिवस बाहेरगावी जातात. गेल्या वेळी कारण काही नव्हते, नुसत्या पांढुर्ण्याला साडी बघायला गेल्या होत्या. सौंसर आणि मोहगावातल्या पुष्कळ घरांत आता कलमी वात लावतात. जयवंताबाई ती कोणालाही शिकवतात, आणि प्रत्येकाला सांगतात की तुझी बिघडणार.

त्या संध्याकाळची एक बाब राहते. पुंडलिकरावांच्या उजव्या अंगठ्याला काजळी लागलेली होती. जयवंताबाईंनी ती पाहिली. बाळासाठी समईच्या ज्योतीवर काजळ धरले, असे पुंडलिकरावांनी सांगितले, आणि काजळाची डबी खरोखरच भाग्यश्रीकडे पोहोचली आहे. मी ती पाहिली. मी स्वतः जवसाच्या तेलात कलमी वात अनेकदा लावून पाहिली आहे. बहुतेक वेळा ज्योत आपोआप पुढच्या टोकावर गेली. एकदा गेली नाही. पुंडलिकरावांना सरळ विचारले तेव्हा ते म्हणाले, “मी तर झोपलो होतो. देवीले इचारा.” शोभाबाईंनी त्यांना आजवर विचारलेले नाही.

तेव्हा, दुसरा डोळा बांधण्याची कल्पना प्रथम कोणाला सुचली, हे ठाऊक नाही. अशी वात याआधी अन्यत्र कोणी केली होती का, हेही ठाऊक नाही. आणि त्या पंचमीच्या दुपारी, फोन वाजत होता तेव्हा, ज्योत आपली आपण पुढच्या टोकावर गेली की एका म्हाताऱ्या अंगठ्याने तिला नेले, हे ठाऊक नाही.