जुलूस बंद करा

पाथरीच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. निजामाचं राज्य जाऊन फार काळ झाला नव्हता. मी पत्रकं वाचत वाढलो आणि मिसरूड फुटल्याबरोबर ती लिहायलाही लागलो. त्याच भांडवलावर मला खुर्ची मिळाली होती.

दुसरे परीक्षक शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची बरीचशी नोकरी उर्दूत शिकवण्यात गेलेली. गुणांच्या कागदावर त्यांनी दोन रकाने आखले होते: मजमून आणि बयान. काय बोलला आणि कसं बोलला. दोन्हीला पन्नास पन्नास गुण. पहिला येईल त्याला परभणीला पाठवायचं होतं.

विषय होता, स्वराज्यात गावाला काय मिळालं.

पोखर्णीची एक मुलगी उठली. आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे गेला नाही. "गावात शाळा आली, पण पोरी वेचणीला जायल्यात. मी शाळेत हाय, कारण माझ्या वाटचा कापूस माय वेचायली." एवढं बोलून वेळ संपायच्या आतच ती बसली. टाळ्या तुरळक पडल्या.

मग एक मुलगा आला. आवाज खणखणीत, हातवारे नेमके. टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला, "बांधवांनो, हा जुलूस बंद करा." मांडव टाळ्यांनी भरून गेला.

माझे कान तापले. ते वाक्य माझं होतं. मी लिहिलं होतं जुलूम. छापखान्यात म-च्या जागी स बसला आणि अन्यायाची मिरवणूक झाली. पुढची मागची सगळी वाक्यंही माझ्याच पत्रकातली होती.

बयानाला मी त्याला पंचेचाळीस दिले, मजमुनाला शून्य.

मुख्याध्यापक माझ्या कागदावर वाकले. "शून्य? लेखकसाहेब, मजमून तर लय उमदा हाय."

"तो माझा आहे, गुरुजी. चुकीसकट."

"मग ते पन्नास तुमाला देऊ का?"

"मलाही शून्यच द्या. छापलेलं मी तपासलं नाही."

ते खूप हसले. मग गंभीर झाले. "लोकायनी त्याला टाळ्या दिल्यात. त्यायला काय सांगता?"

"हेच."

मी उठून तेच सांगितलं. लोक मला हसले, हसू दिलं. मग मुलाला जवळ बोलावून विचारलं, "जुलूस म्हणजे काय?"

"मिरवणूक."

"ती का बंद करायची?"

"मला बी तेच कळंना. पण छापलेलं व्हतं ना, साहेब."

मग त्याला म्हणालो, कळत नाही तिथं थांबायचं, मग ते कुणीही छापलेलं असो.

मजमुनाच्या गुणांवर परभणीला पोखर्णीची ती मुलगी गेली. तिथं ती तिसरी आली. आवाजात गुण गेले. पाथरीतले आमचे नातेवाईक अजून म्हणतात, तो पोरगा पाठवला असता तर बक्षिसाची ढाल आली असती. आली असती. तरी माझ्या कागदावरचं ते शून्य मी आजही खोडणार नाही.