चुंबक खोडणारे चाचा

छावणीच्या बाजारातले घडीवाले चाचा कशावरही विश्वास ठेवण्याआधी ते उघडून बघत. घड्याळं तर उघडतच, पण मेहुणीने आणलेला मंतरलेला ताईतही त्यांनी चिमट्याने उघडला. आत किराणा दुकानातल्या पुडीचा कागद निघाला. “पैले खोलनेका, फिर बोलनेका,” हे त्यांचं ब्रीद. मेहुणीने वर्षभर अबोला धरला. चाचांना त्याचं फारसं दुःख झालं नाही.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायची आणि मनगटावरचं जुनं घड्याळ सारखं त्यांच्याकडे न्यायची. या माणसाचा चिमटा एकाच ठिकाणी थांबे. बुवाबाजी उघडी पाडणारे एक प्राध्यापक होते, त्यांचे लेख चाचा कापून खणात ठेवत. एका लेखात लिहिलं होतं, की बंद घड्याळ मुठीत धरून चालू करणारा बुवा हातात चुंबक लपवतो. हे खरं का, असं मी विचारलं तेव्हा चाचांनी नजर चुकवली.

“चुंबकानं घडी बिघडती, बाई. पण एवढा मोठा माणूस. त्यांनी बघूनच लिवलं असंल.”

पुढे औरंगाबादला विवेकवाद्यांची परिषद भरली आणि ते प्राध्यापक येणार असं कळलं. चाचा ईदची शेरवानी घालून तासभर आधी हजर. मीही काही कमी नव्हते, सह्यांसाठी कोरी वही घेऊन गेले होते. प्राध्यापक बोलायला उभे राहिले आणि नेमकी तीच चुंबकाची गोष्ट सांगू लागले. चाचांची चुळबुळ सुरू झाली.

“बाई, उठू का?”

“राहू द्या, चाचा. एवढ्या लोकांत त्यांना कसं वाटेल?” मी त्यांची बाही धरली. विज्ञानाच्या बाईंनी धरली, याची मला आजही लाज वाटते.

चाचांनी बाही सोडवून घेतली. “सर, गुस्ताखी माफ. चुंबक नसतंय. आतलं तेल घट्ट झालेलं असतंय, मुठीच्या उबेनं पातळ होतंय. चुंबक लावलं तर चालती घडीबी बिघडंल.”

प्राध्यापकांनी त्यांना वर बोलावलं आणि लोकांकडे बंद घड्याळं मागितली. सात आली. एकेक घड्याळ मुठीत धरून त्यांनी चार चालू केली, आणि स्वतःच सांगितलं, “तीन नाय चालली. ती खोलावी लागतील.”

प्राध्यापक माइकवर म्हणाले, “मी न तपासता लिहिलं. चुकलं माझं.”

नंतर सह्यांसाठी झुंबड उडाली. चाचांनी खिशातून तो लेख काढला. “सही नको, सर. एवढं दुरुस्त करून द्या.” प्राध्यापकांनी ‘चुंबक’ खोडून वर ‘हाताची ऊब’ लिहिलं.

परतताना छावणी जवळ आली. चाचा म्हणाले, “माणूस लई मोठा हाय, बाई. आता खोलून बघितला.”

चाचा गेल्यावर त्यांच्या मुलाने चौकटीत बसवलेला तो कागद मला आणून दिला. मी तो प्रयोगशाळेत लावला. वर्गात एखादी मुलगी उठून म्हणे, “बाई, फळ्यावर चुकलंय,” तेव्हा मला राग यायचा. खोटं कशाला सांगू. पण मी एकदा त्या चौकटीकडे बघायची आणि खडू तिच्या हातात द्यायची.