फुजैराचा मापाडी

धर्मपाल नगराळे सतरा वर्षं दुबईला होता, असं मुकुटबनमध्ये कोणालाही विचारलं तरी सांगतील. तो मात्र दरवेळी दुरुस्त करतो. दुबई नाही, फुजैरा. समोरचा माणूस तेच ते म्हणून हात झटकतो आणि धर्मपालच्या कपाळावर आठ्या पडतात. त्या आठ्या पाहायला मजा येते म्हणून काही लोक मुद्दाम दुबईचं नाव काढतात.

तिकडे जायच्या आधी तो वणीकडच्या एका कोळसा खाणीत काट्यावर कंत्राटी कामाला होता. भरलेला ट्रक काट्यावर चढला की आकडा मोठ्यानं वाचायचा, एवढंच काम. कंत्राट संपलं, नागपूरच्या एका एजंटानं परदेशात टाक्या धुण्याचं काम दाखवलं, आणि त्याची बायको तुळसा म्हणाली की इथं बसून तोंड पाहण्यापेक्षा जा. समुद्र कधी न पाहिलेला माणूस थेट बंदरावर जाऊन उतरला. तीन वर्षं टाक्यांच्या तळाचा गाळ उपसला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की हा माणूस आकडा एकदा वाचला की विसरत नाही आणि बदलतही नाही. त्याला मापाच्या कामावर घेतलं.

फुजैरा म्हणजे मागे उघडेबोडके डोंगर, पुढे समुद्र आणि मध्ये रांगेनं पांढऱ्या टाक्या. एकेकीत आपलं गावतळं रिकामं करावं, तरी वर जागा उरेल. आखातातून बाहेर पडायची समुद्राची वाट चिंचोळी आहे आणि हे बंदर त्या वाटेच्या बाहेर. म्हणून जगभरची जहाजं तिथे थांबतात. काही स्वतःच्या इंजिनासाठी तेल भरून घेतात, काही आणलेलं तेल टाक्यांत उतरवून जातात.

गावात कोणी विचारलं, की एवढं तेल साठवून करतात काय, तर धर्मपालला उत्साह चढतो. आपल्याकडे लोक कापूस घरात भरून ठेवतात ना, भाव यायची वाट पाहत? तसंच. पण आपला कापूस विकला की घराबाहेर तरी निघतो. तिथलं तेल टाकीत बसल्या बसल्या चार मालक बदलतं. एक सिंगापुरातून विकतो, दुसरा लंडनमधून घेतो. दोघांनीही ना टाकी पाहिलेली, ना एकमेकांचं तोंड. मग सौदा कोणाच्या भरवशावर होतो? इथे तो थांबतो आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवतो. आकडा धर्मपाल नगराळेचा.

यात फुशारकी होती, पण खोटं नव्हतं. टाकीला वळसे घेत जाणाऱ्या एकशे चार पायऱ्या चढायच्या, वरचं झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली पोलादी पट्टी तळापर्यंत सोडायची आणि ओढून तेलाची खूण वाचायची. याला तिथे आणि इथेही डीप घेणं म्हणतात. तेलाखाली पाणी असेल तर ते कळावं म्हणून पट्टीच्या टोकाला एक पिवळी पेस्ट लावायची. पाणी लागलं की ती लाल होते. हे सगळं दोन माणसांनी करायचं, एक विकणाऱ्याचा आणि एक घेणाऱ्याचा. धर्मपालच्या समोर बहुतेक वेळा एक केरळचा माणूस असायचा, हसणं ज्याला परवडत नसावं असा. दोघांच्या आकड्यांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की तो नुसती मान हलवायचा आणि पट्टी पुन्हा पुसायला घ्यायचा. दोघांचं जुळलं नाही तर दोघांचंही खोटं, असा तिथला नियम. धर्मपाल त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचा आणि पुन्हा पट्टी सोडायचा.

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात जगानं गाड्या उभ्या केल्या तेव्हा फुजैराच्या टाक्या गळ्यापर्यंत भरल्या. समुद्रात जहाजं जागेची वाट पाहत उभी राहिली. जो तो एकच विचारत होता, कुठल्या टाकीत किती जागा उरली. त्या दिवसांत धर्मपालचे गुडघे कायमचे गेले. दोन वर्षांनी तो घरी परतला. सामानात घरच्यांसाठी कापडं होती, आणि स्वतःसाठी त्या पिवळ्या पेस्टच्या सहा नळ्या.

मुकुटबनहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजयमालाबाईंचा पेट्रोल पंप आहे. नवरा गेल्यावर त्यांनी तो एकटीनं चालवला, आणि ज्यांना वाटत होतं की बाई सहा महिन्यांत विकून मोकळी होईल, ते आता तिथेच रांगेत उभे राहतात. त्यांनी धर्मपालला टाक्यांवर नेमलं. इथल्या टाक्या जमिनीखाली, पट्टीच्या जागी पितळेची लांब काठी, आणि चढायला एकही पायरी नाही. धर्मपालला हे काम म्हणजे पोरखेळ वाटायचा. तेल कंपनीनं पाण्याची नवी पेस्ट पाठवली होती. ती त्यानं ड्रॉवरमध्ये टाकली आणि आपली फुजैराची नळी वापरत राहिला. विजयमालाबाईंनी एकदोनदा हटकलं, तर म्हणाला की अख्ख्या जगाचं तेल याच पेस्टनं मोजलं आहे, तुमची टाकी काय चीज आहे.

सप्टेंबरात तीन दिवस झड लागली. टँकरवाला रामधन राठोड दुपारी टाकीत पेट्रोल उतरवून गेला आणि त्यानंतरही पाऊस कोसळतच राहिला. सकाळी उघडीप झाली तेव्हा टाकीच्या झाकणांवर वीतभर पाणी साचलेलं होतं. विजयमालाबाई म्हणाल्या की कंपनीचा माणूस येऊन तपासेपर्यंत पेट्रोल बंद ठेवू. समोर रस्त्यापर्यंत रांग लागली होती. धर्मपालनं झाकणावरचं पाणी काढलं, काठीला पेस्ट लावली, काठी सोडली आणि ओढली. पेस्ट जशीच्या तशी पिवळी होती.

"कोरडी हाय टाकी," तो म्हणाला.

"कोन म्हंते कोरडी हाय?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"मी म्हंतो."

पंप सुरू झाला.

दोन तासांत पहिली मोटारसायकल ढकलत परत आली, मग दुसरी. दुपारपर्यंत अकरा गाड्या रस्त्यात बंद पडल्याचं कळलं. त्यात उपकेंद्रातल्या नर्सबाई प्रियंका आत्राम यांची स्कूटी होती. झरीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, त्या लहान मुलांना लस द्यायला निघाल्या होत्या. स्कूटी जंगलातल्या चढावर मेली. लसीचा डबा हातात धरून त्या बाकीचे चार किलोमीटर पायी गेल्या.

पंपावर गर्दी झाली. पेट्रोलमध्ये पाणी मारतात, असं कोणी म्हणालं आणि मग सगळेच म्हणायला लागले. विजयमालाबाईंनी सगळ्यात आधी पेट्रोलची विक्री बंद केली. धर्मपालनं पंपाच्या नळीतून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं आणि बाटली खिडकीत ठेवली. थोड्या वेळानं बाटलीत दोन थर दिसायला लागले, खाली गढूळसर आणि वर स्वच्छ. त्यानं ड्रॉवरमधली कंपनीची नळी काढली आणि आजवर न वाचलेला कागद वाचला. इथल्या पेट्रोलमध्ये उसा-मक्याचं इथेनॉल मिसळलेलं असतं. ते पाण्याला आपल्यात ओढून घेतं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. तसलं पाणी जुन्या पेस्टला ओळखू येईलच असं नाही, म्हणून ही नवी. त्यानं नवी पेस्ट लावून काठी सोडली. चार बोटं लाल.

फुजैराला त्यानं मोजलेल्या तेलात इथेनॉल नव्हतंच. सतरा वर्षांत जे शिकला ते सगळं खरं होतं, फक्त या टाकीसाठी नव्हतं. आणि इथे मान हलवणारा तो केरळचा माणूसही नव्हता. तेल जहाजातून बंदरात, बंदरातून कारखान्यात, तिथून डेपोत आणि टँकरमध्ये येतं, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी डीप घेऊन आपला शब्द देतो. त्या सगळ्या शब्दांच्या शेवटी आज त्याचा शब्द होता, आणि तोच खोटा निघाला होता. धर्मपालला इतकी लाज वाटली की क्षणभर घरी निघून जावंसं वाटलं.

आत विजयमालाबाई फोनवर होत्या. लोकांनी रामधनचं नाव घेतलं होतं. टँकरवालाच वाटेत पेट्रोल काढून पाणी भरतो, हे सगळ्यांना पटायला सोपं. बाईंनाही ते पटत चाललं होतं, आणि त्या कंपनीकडे त्याचीच तक्रार सांगत होत्या. तक्रार लागली की रामधनच्या हातातला टँकर गेला असता. धर्मपालनं गप्प बसायचं ठरवलं असतं तर त्याला कोणी काही विचारलंही नसतं. पावसाचं पाणी आणि टँकरवाल्याची लबाडी, एवढ्यावर गावाचं समाधान झालं असतं. फुजैराच्या मापाड्याचं नाव तसंच राहिलं असतं. दारात उभ्या उभ्या हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, हेही त्यानं नंतर तुळसाला सांगितलं.

"बाई, फोन ठेवा," तो म्हणाला. "रामधनचा काही दोष नाही. झाकनाचं रबर गेलं हाय, पानी तिथूनच आलं, अन् मले ते कळलं नाही. नवी पेस्ट मी वापरलीच नाही."

विजयमालाबाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "हे बाहेर जाऊन सांगता का?"

तो बाहेर गेला आणि सांगितलं. लोकांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुबईचं नाव त्यात बरेचदा आलं, आणि त्या दिवशी धर्मपालनं ते दुरुस्त केलं नाही.

पुढचे तीन दिवस तो दुखऱ्या गुडघ्यांनी गावोगाव फिरला. एका मिस्त्रीला सोबत घेऊन त्यानं अकराच्या अकरा गाड्यांच्या टाक्या खाली केल्या, धुतल्या, पुसल्या. कोणी चहा दिला, कोणी दारातूनच गाडी दाखवली. शेवटची स्कूटी प्रियंकाबाईंची होती. त्या उपकेंद्राच्या ओट्यावर बसून लसीच्या बाटल्या एकेक उचलून उजेडात धरत होत्या. त्यानं विचारलं तेव्हा त्यांनी दाखवलं, की प्रत्येक बाटलीवर एक खूण असते, तिच्यातल्या चौकोनाचा रंग बाहेरच्या वर्तुळाएवढा गडद झाला की लस उन्हानं वाया गेली. त्या दिवशी चार किलोमीटर चालताना त्या दर थोड्या वेळानं हीच खूण पाहत होत्या. लस वाचली होती.

"बाई, उद्या सकाळी पंपावर येता का?" धर्मपालनं विचारलं.

"कायले?"

"मले समोरचा मानूस पाहिजे."

दुसऱ्या दिवशी टाकी धुऊन, झाकणाचं रबर बदलून, नवीन पेट्रोल भरून तयार होती. रामधननंच ते आणलं होतं आणि मुद्दाम थांबला होता. रस्त्यापर्यंत रांग होती. चार दिवसांत लोकांचा धीर संपला होता. धर्मपालनं सगळ्यांच्या देखत नवी पेस्ट लावली, काठी सोडली, मनात आकडे मोजले आणि ओढली. पेस्ट जशी लावली तशी. त्यानं काठी पुसली, पुन्हा पेस्ट लावली आणि काठी प्रियंकाबाईंच्या हातात दिली. रांगेत कोणीतरी हसलं. त्यांनी काठी सोडली, ओढली, आणि बाटली धरावी तशी टोकाशी डोळे नेऊन पाहिलं.

"खालून लाल हाय. दोरा असते ना, तेवढी रेघ."

धर्मपालनं चष्मा पुसून पाहिलं. त्याला काही दिसेना. रामधनला दिसेना, विजयमालाबाईंनाही दिसेना. रांगेतून आवाज चढायला लागले, की चार दिवस झाले, भरा आता. विजयमालाबाईंनी धर्मपालकडे पाहिलं. त्याचा एक शब्द पुरेसा होता, आणि तो शब्द त्याला परत हवाही होता.

त्यानं काठी पुसायला घेतली.

"जुळलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा घ्या."

या वेळी प्रियंकाबाईंनी काठी तळाशी टेकवून मिनिटभर तशीच धरली. बाहेर काढली तेव्हा रेघ सगळ्यांना दिसली, बोटाच्या पेराएवढी, लालभडक. नवीन रबर एका बाजूनं नीट बसलं नव्हतं आणि पहाटेच्या सरीचं पाणी तिथून झिरपलं होतं. विजयमालाबाईंनी रबर उचकटून पाहिलं, तेव्हा खाली ओल होती.

धर्मपाल रांगेकडे वळला आणि म्हणाला की आजही पेट्रोल मिळणार नाही. पुढच्या मोटारसायकलवरचा माणूस चिडला. त्या दिवशी अकरात त्याचीही गाडी होती.

"कोन म्हंते पानी हाय?" त्यानं विचारलं.

धर्मपालनं काठी वर धरली, पण स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं नाही.

"या म्हंतात," तो म्हणाला. "प्रियंकाबाई."

त्या माणसानं काठीकडे पाहिलं, मग नर्सबाईंकडे. त्याच्या पोरीला त्यांनीच लस दिली होती. त्यानं गाडी वळवली, आणि त्याच्या मागे रांग हळूहळू मोकळी झाली.