कपाटातली उचकी

अनंतरावांविषयी लिहावं असं त्यांच्यात काय होतं, हे मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. दोह्याच्या अल मन्सूरा भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते राहायचे. एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढण्यात त्यांची सगळी नोकरी इथेच गेली. मूलबाळ नव्हतं. पत्नी रत्नप्रभावहिनी गेल्या वर्षी इथेच वारल्या. कंपनीने नोटीस दिल्यापासून अनंतराव घरीच असत. माझा मुलगा आणि सून ऑफिसला गेले की दुपार मला खायला उठते, म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो.

अनंतराव घरी बियर करायचे. इथे तो गुन्हा आहे. सापडले तर तुरुंग, आणि मग कायमची पाठवणी.

पूर्वी ते डब्यातल्या पाकाची करत. माल्टचा काकवीसारखा घट्ट पाक पाण्यात कालवायचा, उकळायचा, निवला की यीस्ट घालायचं. वहिनी स्वतः थेंबही घेत नसत, पण त्यांना हे पटत नसे. माहेरी नाचणीसत्त्व करून हात बसलेला. "डब्यातलं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच शिजवलेलं. त्यात आपलं काय?" असं म्हणून त्यांनी खालच्या दुकानातून जव आणले. भिजवले, फडक्यात बांधून मोड काढले, गच्चीवर वाळवले, भरड दळले. ती भरड गरम पाण्यात, उकळू न देता, झाकून ठेवली की पाणी आपोआप गोड होतं. ते गाळून मग उकळायचं. तळाशी बसलेला यीस्टचा गाळ वहिनी पुढच्या खेपेसाठी राखून ठेवत. त्याला त्या विरजण म्हणत. ते विरजण त्यांनी शेवटपर्यंत जगवलं.

वहिनी गेल्यावर अनंतरावांना मोड काढायचा धीर होईना. त्यांनी पुन्हा डबा फोडला आणि त्यात वहिनींचं विरजण घातलं. बरणी गप्प. बुडबुडा नाही, वास नाही. "मेलं ते, नाना," एवढंच ते मला म्हणाले, आणि जेवले नाहीत. पाक जुना असेल असं मी म्हणून पाहिलं.

मग उरलेला गाळ घेऊन त्यांनी जवाचं पाणी केलं, वहिनी करायच्या तसं. त्याच संध्याकाळी बरणी बोलायला लागली.

ती काचेची मोठी बरणी वहिनींच्या साड्यांच्या कपाटात होती. उजेड लागू नये म्हणून. झाकणातून निघालेल्या नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलेलं. आत वायू साठला की पाण्यात बुडबुडा यायचा. पण तो आवाज बुडबुड्याचा वाटत नसे. हुक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, हुक्.

"उचकी लागलीय तिला," अनंतराव म्हणाले.

"बरणीला?"

"तिला. पाणी प्यायलीच नसेल नीट. तशीच सवय होती." मग कपाटाकडे तोंड करून, आपण उचकी लागलेल्या माणसापुढे घेतो तसं एकेक नाव घेऊ लागले. "संजीवनी काढतेय का आठवण?" ही वहिनींची बहीण. हुक्. "वडगावची मामी?" हुक्. "अनंत?"

आवाज थांबला.

योगायोग असेल. एसी सुरू झाला असेल, बरणी गार झाली असेल. मी तसं म्हणालोही. ते हसले. "तुम्ही शिकलेली माणसं, नाना."

एकदा ते कोथिंबीर आणायला खाली गेले. बाहेर धुळीने दुपार पिवळी पडली होती, पडदे ओढलेले. कपाटात उचकी सुरू झाली. मी उगाच दाराला हात लावला. दार कोमट होतं, तापलेल्या माणसाच्या पाठीसारखं. मी हात काढून घेतला. माझं नाव घेतलं, थांबली नाही. मग तोंडातून निघालं, "अनंतराव."

थांबली. थोड्या वेळाने ते कोथिंबीर घेऊन आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "दुकानात मेथी पाहिली आणि हिची इतकी आठवण आली की पैसे द्यायचे राहिले."

त्यानंतर मी त्या खोलीत एकटा बसलो नाही.

परतीचा दिवस ठरला. फ्लॅट कंपनीचा, ताब्यात घ्यायला माणूस येणार होता. विरजण औषधाच्या बाटलीत भरून न्यायचं त्यांच्या मनात होतं, पण विमानतळावर कुणी वास घेतला तर? आणि बूच घट्ट लावलं की बाटली फुगे. त्या सकाळी त्यांनी बरणी न्हाणीघरात नेली. मी दाराशी उभा होतो. शेवटचा घट्ट गाळ लवकर वाहत नव्हता. त्यांनी तो हाताने लोटला आणि पाण्याचा नळ बराच वेळ तसाच सोडून ठेवला.

कंपनीकडून इरशाद आला. रत्नागिरीचा, त्यांच्याच ऑफिसातला क्लार्क. त्याने हवा हुंगली.

"अनंतराव, इडलीचं पीठ सांडलंव काय?"

"हं."

"मग खिडकी उघडतो," एवढंच म्हणून त्याने खिडकी उघडली. किल्ल्या मोजून घेतल्या. कपाट उघडून पाहिलं. आत काही नव्हतं.

तेवढ्यात अनंतरावांना उचकी लागली.

"कोण याद करतंय बघा," इरशाद म्हणाला. "मॅनेजर? त्याला आता ड्रॉइंगं कोण काढून देणार?"

हुक्.

"मेव्हणी? विमानतळावर न्यायला येतेय ना?"

हुक्. अगदी तसाच आवाज. मी स्वयंपाकघरातून पाणी आणलं.

"मग राहिलं कोण," इरशाद जरा हळू म्हणाला. "भाभी..."

अनंतरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. "ते नाव घेऊ नकोस. थांबेल."

माझ्या हातातलं पाणीही त्यांनी घेतलं नाही. बॅग उचलली, मला वाकून नमस्कार केला आणि लिफ्टमध्ये शिरले. दार मिटलं. लिफ्ट खाली जाताना, एकेका मजल्यावरून, मला ती उचकी ऐकू येत होती.