बाटलीचं गाव

ऑस्ट्रेलिया मी जन्मभर फळ्यावर काढला. मेंढ्या, गहू, पूर्वेची डोंगररांग, मधलं वाळवंट. मुली तो पाठ करायच्या, पेपरात लिहायच्या आणि विसरायच्या. भिंगारच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मीही विसरले. त्यामुळे श्रीरामपूरहून दाजींचा, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याचा, फोन आला आणि त्यांनी विचारलं, "तू भूगोलाची बाई ना? ऑस्ट्रेलियाची चांगली दारू कुठली ते सांग," तेव्हा आधी मला वाटलं, यांची शुगर वाढली.

दाजी चर्चचे पंच आहेत. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी झाली. दारूबंदीची प्रार्थना असली की सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा.

"दारू नाही दाजी, वाइन म्हणतात," मी म्हटलं.

"तेच ते. बायबलातल्या काना गावच्या लग्नात प्रभूने स्वतः पाण्याची केली होती. पाहुण्यापुरती चालते."

पाहुणा म्हणजे भाचीने पसंत केलेला मुलगा. भाची अ‍ॅडलेडला नर्स आहे, आणि हा तिकडच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या, एका वाइनच्या कारखान्यात कामाला. नाताळात ती त्याला घेऊन येणार होती. फोनवर तिने स्पष्ट सांगितलं होतं, "पप्पा हो म्हणाले तर लग्न श्रीरामपूरच्या चर्चमध्ये करू. नाही म्हणाले तर मी तिकडे सह्या करून मोकळी होईन. आणि मग नाताळला माझी वाट बघत बसू नका." ताईला ही एकुलती एक मुलगी. त्या फोनपासून ताईला घास गोड लागेना. दाजींनी मात्र कंबर कसली ती वाइनसाठी. तिकडचा माणूस आपल्याला खेडवळ समजता कामा नये, एवढीच त्यांना काळजी.

मुलाबद्दल आम्हाला फारसं काही माहीत नव्हतं. नाव सगळं इंग्रजी, फोटोत रंग आपल्यासारखा सावळा. दाजींनी तर्क केला, गोव्याचा असेल, नाहीतर मद्रासकडचा. भाचीला विचारलं तर म्हणाली, आल्यावर बोलू.

आता वाइन आणायची कुठून? आपल्याकडे 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन सोडून सगळं मिळतं. म्हणून पुण्याला जायचं ठरलं, आणि दाजी पंच असल्यामुळे जायचं मी. त्यांची अब्रू चर्चभर पसरलेली, माझी काय भिंगारपुरतीच. जाण्याआधी मी मोबाईलवर अभ्यास केला. शाळा सुटली तरी अभ्यासाची खोड जात नाही. बघते तर काय, तिथे वाइन निवडायला दोनच प्रश्न पुरतात: द्राक्ष कोणतं आणि गाव कोणतं? बरोसा म्हटलं की शिराझ, काळी, दाट, अंगात जोर. कुनावारा म्हटलं की कॅबरने. तिथे तांबड्या मातीची एक अरुंद पट्टी आणि खाली चुनखडी, त्या पट्टीच्या आतला शेतकरी राजा आणि बाहेरचा रंक. यारा व्हॅलीची पिनो न्वार नाजूक. पांढऱ्यात मार्गारेट रिव्हरची शार्डने, हंटर व्हॅलीची सेमियाँ, क्लेअर व्हॅलीची रिझलिंग. मला फार गंमत वाटली. लोक उगाच घाबरतात वाइनला. अहो, हे तर आमचं सोयरीक जमवण्याचं शास्त्र!

आम्हा ख्रिस्ती लोकांत जात विचारत नाहीत. ती आम्ही कधीच टाकली. आम्ही फक्त गाव विचारतो. मग मामाचं गाव. मग आजोबांचं घर गावाच्या कोणत्या अंगाला होतं ते. एवढं कळलं की जात विचारायची गरजच उरत नाही. शेवटी मिशन कोणतं, म्हणजे घराणं कुठल्या गोऱ्या पाद्र्यांच्या हातून ख्रिस्ती झालं, ते विचारायचं आणि चहाला हो किंवा नाही म्हणायचं.

त्यामुळे दाजींना हा विषय माझ्याहून लवकर कळला. मी दुकानातून फोनवर एकेक बाटली वाचून दाखवत होते, तोंडाला स्कार्फ बांधून, कारण पुण्यात आपले विद्यार्थी कुठेही भेटतात. दाजी तिकडून शेतकी खात्यासारखी तपासणी करत होते.

"कुनावारा. खाली चुनखडी आहे म्हणे."

"चुनखडीत ऊस पिवळा पडतो. पण द्राक्षाचं वेगळं असेल. घे एक."

"बरोसाची शिराझ."

"जोरदार आहे ना? मटणाला तीच. दोन घे."

"क्लेअरची रिझलिंग. पांढरी. पाऊस बेताचा."

"किती बेताचा? पारनेरइतका?"

"साधारण." हे मी ठोकून दिलं.

"मग घे! कमी पावसाचं पीक कसदार. आमचं मूळ गाव पारनेरकडचं, मला सांगू नको."

दाजींचं मूळ गाव हा आमच्या घरातला एक वेगळाच धडा आहे. वर्षातून एकदा ते तिथे जातात. तिथल्या शाळेला पंखे दिलेत. एकदा गावाने शाल-नारळ दिला, त्याचा फोटो हॉलमध्ये लावलाय. मग दुकानातल्या मुलाने आणखी एक बाटली पुढे केली, तीन द्राक्षांची एकत्र केलेली, तिकडे फार चालते म्हणाला. मी दाजींना विचारलं.

"तिघांची भेसळ? आणि गाव?"

"नुसतं दक्षिण ऑस्ट्रेलिया लिहिलंय."

"म्हणजे गावच नाही. राहू दे. बाटलीला गाव पाहिजे."

नाताळात दोघं आली, आणि रविवारी चर्च सुटल्यावर दुपारचं जेवण ठरलं. खिडक्या लावून पडदे ओढले, कारण शेजारी दुसरे पंच राहतात. दाजींची थोरली बहीण, आक्का, तिच्या सासरच्या गावाहून मुद्दाम आली होती. आमच्यात नवा पाहुणा आला की प्रश्न विचारायचा मान घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा. ताईने काळ्या मसाल्याचं मटण केलेलं, भाकरी, आणि नाताळचा फराळ. मुलगा उंच, हसरा. वाकून नमस्कार केला त्याने सगळ्यांना. आम्ही नमस्कार वाकून घेत नाही, पण आक्काला आवडला.

वाइन कशी वाढतात ते मी वाचलं होतं: काचेचा पेला, तोही निम्म्याच्या खाली भरायचा. दाजींना हे पटेना. "अर्धा पेला? पाहुण्याला? उद्या लोक म्हणतील, पंचाने हात आखडला." त्यांनी स्टीलचे ग्लास काठोकाठ भरले. रिझलिंगच्या बाटलीचं फिरकीचं झाकण बघून ते जरा हिरमुसले, खोकल्याच्या औषधाला असतं तसं म्हणाले, पण क्लेअरच्या नावावर त्यांनी ते पोटात घातलं. आक्काने शिराझचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आगं, हे तर आंबलंय की!"

तिचा दोष नाही. आमच्याकडे नाताळला काळ्या मनुका साखरेत भिजवून जे करतात, त्याला आम्ही वाइन म्हणतो, कारण सरबत म्हटलं तर पाहुणे नाराज होतात.

मुलाने मटणाचा पहिला घास घेतला आणि त्याच्या कपाळावर घाम आला. दाजींनी लगेच शिराझ पुढे केली. ती पिऊन त्याचे कानही लाल झाले. मग त्याने भाचीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तिने गार रिझलिंगचा ग्लास त्याच्या हातात दिला. मटणावर पांढरी! दाजींचा सगळा अभ्यास पाण्यात. पण मुलगा खुशीत आला. आग्रह केला की तीनदा नको म्हणायचं असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ताई वाढेल तेवढं तो संपवत होता. ताई कितीतरी दिवसांनी हसली. मला वाटलं, जमलं. अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात आक्काने पदर सावरला आणि सुरुवात केली. "इचार गं त्याला, गाव कोन्तं तुमचं?"

"अ‍ॅडलेड," भाची म्हणाली.

"त्ये न्हाई. मूळ गाव."

भाची थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, सांग म्हणून. मग तिने सांगितलं. तो लहान असताना त्याला आपल्याच देशातल्या एका अनाथाश्रमातून तिकडच्या नवरा-बायकोने दत्तक घेतलं. त्यांनीच वाढवलं, नाव दिलं. गाव, आई, बाप, काही माहीत नाही. त्याने शोधलं. सापडलं नाही.

दाजींनी ग्लास खाली ठेवला. त्यांचा चेहरा बघून मला कळलं आता काय होणार. ते एवढंच म्हणाले, "बघू."

ताईच्या हातातला डाव तसाच राहिला. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ लहान मुलालाही कळतो.

"पप्पा, 'बघू' म्हणजे काय ते मला माहीत आहे," भाची उठली. "तुम्ही त्याला सांगू नका. मीच सांगेन. आम्ही उद्या निघतो."

"मी वाईट बोललो का काही? मुलगा चांगलाच आहे. पण ज्याचं मूळ ठाऊक नाही, त्याला मुलगी..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दाजी, हाच गोरा असता तर विचारलं असतं का त्याच्या पणजोबाचं गाव? वरातीला घोडा आणला असता तुम्ही!"

"तू मध्ये पडू नको."

मी आणखी बोलणार होते, आणि ते बरं झालं नसतं. पण आक्का बोलली. ती चिडली नव्हती. भाकरी मोडता मोडताच बोलली.

"मूळ म्हंतोस व्हय. आपलं तरी कुनाला ठावं हाय रं?"

"आक्का, आपलं गाव पारनेरकडं..."

"त्ये पणज्यानं ठोकून दिल्यालं. दुष्काळात कुनीतरी त्याला मिशनच्या फाटकाशी सोडून गेल्तं. येवढुसा हुता. शाळंत नाव घालताना साहेबानं इचारलं, गाव कोन्तं, तर पोरानं कुनाच्या तरी तोंडून ऐकल्यालं नाव सांगून टाकलं. आडनाव बी साहेबानंच दिलं. मला आज्यानं सांगितलं हुतं. तू लई अभिमानानं तिकडं जातोस, म्हनून म्या गप ऱ्हायले."

नगर जिल्ह्यातल्या आमच्या कितीतरी घरांची सुरुवात अशा फाटकाशी झालेली आहे. सगळ्यांना माहीत असतं आणि प्रत्येकाला वाटतं, ते शेजारच्या घराबद्दल आहे. दाजी कुठेच बघत नव्हते. मला त्यांचा राग आलेला होताच, पण त्या क्षणी कीवही आली. या वयात माणसाचं गाव जावं, हे सोपं नाही.

भाचीने हळू आवाजात मुलाला इंग्रजीत सगळं सांगितलं. त्याने पुढे सरकून आक्काला काहीतरी विचारलं.

"तो विचारतोय," भाची म्हणाली, "त्यांना, म्हणजे पणजोबांना, त्याचं वाईट वाटायचं का?"

आक्काने थोडा विचार केला. "वाटायचं बाबा. म्हातारपनी आजारी पडला तवा आईला हाका मारायचा म्हनं. पर तिचं नाव ठावं न्हवतं. नुसतं आये, आये करायचा."

भाचीला हे इंग्रजीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. मुलाने ताटावरचा हात काढला आणि डोळ्यांवर धरला, मसाल्याचा हात. ताई धावत पाणी घेऊन आली, ओढणीच्या टोकाने त्याचे डोळे पुसायला लागली. तो लहान मुलासारखा तोंड वर करून बसला. दाजी उठले आणि आत गेले. त्या दिवशी ते आमच्याशी बोलले नाहीत. पण सकाळी भाचीची बॅग त्यांनीच उचलून परत माळ्यावर ठेवली.

दुपारी ते मला बरोबर घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं आणि गावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून.

"मुलगा कुठला सांगू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आमचा," दाजी म्हणाले.

"तसं नाही हो, गाव कोणतं?"

दाजी पंचांच्या बैठकीत बोलतात त्या आवाजात म्हणाले, "श्रीरामपूर."

"आणि मुलगी?"

"तीही श्रीरामपूर. हरकत आहे का कुणाची?"

पहिल्या रविवारी मी त्या मुलाच्या शेजारी बसले होते. मराठीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पुकारा झाला, त्यात त्याने आपलं नाव ओळखलं, आणि नावाला जोडून आलेला एक शब्द ओळखला. तो माझ्याकडे झुकला आणि इंग्रजीत विचारलं, "मी इथला आहे असं म्हणाले का ते?"

मी हो म्हटलं. पुढच्या गीताला सगळं चर्च उभं राहिलं, तो मात्र बसूनच राहिला. मला वाटलं, त्याला कळलं नसेल. खांद्याला हात लावला, तर त्याने ओलं तोंड वर केलं, ताईपुढे केलं होतं तसं.