मामांची गिरणी

माझ्या बायकोच्या मामांनी एखाद्या वस्तूला हात लावला आणि ती वस्तू पूर्वीसारखी राहिली, असं भिवंडी तालुक्यात अजून घडलेलं नाही. शेलार गावातल्या त्यांच्या घरातला पंखा त्यांनी दुरुस्त केला, तेव्हापासून तो उलटा फिरतो आणि खालची हवा वर नेतो. मिक्सर सुरू केला की टीव्ही बंद पडतो. म्हणून मामी चटणी नेमकी बातम्यांच्या वेळी वाटतात. आणि हा माणूस सारं आयुष्य नारपोलीत पॉवरलूमवर जॉबर होता, म्हणजे बंद पडलेले लूम चालू करणारा! त्यांचे शेठ जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, फार सभ्य गृहस्थ. ते मला एकदा म्हणाले, "तुमचे मामा हात लावतील, इसी डर से आधे लूम चलते थे."

निवृत्तीनंतर मामांचं पोट बिघडलं. डॉक्टरांनी वयाला दोष दिला, मामींनी भज्यांना, मामांनी मात्र पाकिटातल्या पिठाला धरलं. "जावई, त्या पिठात जीव न्हाय. कवा दळलं, कुणी दळलं, कुणाला ठाव हाय?" असं म्हणून ते तडक घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरले. तिथं त्यांच्या वडिलांची दगडी चक्की आणि ती फिरवणारं डिझेल इंजिन कित्येक वर्षं गंजत पडलं होतं. चक्कीवर कोंबड्या अंडी घालायच्या. मामांच्या मुलाला ती शेड पाडून ट्रकसाठी जागा करायची होती, कारण शेलारच्या खाचरांत आता भात सोडून सगळं येतं. जिकडं बघावं तिकडं गोडाऊन, आणि त्यांत टीव्ही, चपला, साबण, पाकिटातलं पीठसुद्धा. मुलगा म्हणाला, "दिवाळीपर्यंत चालली तर ठेवा. न्हायतर मी भंगारवाला बोलावतो."

मग मामांचा कारखाना सुरू झाला. जाम झालेल्या इंजिनाला त्यांनी रॉकेल पाजलं, डिझेल पाजलं, शेवटी मामींचं डोक्याचं तेलही पाजलं; त्यामुळे शेडला बरेच दिवस जाईचा वास येत होता. पट्टा शेठनी कारखान्यातला जुना दिला. चक्कीचे दगड झिजून गुळगुळीत झालेले, त्यांना टाकी लावून पुन्हा खाचा पाडायला हव्या होत्या. टाकीवाल्याच्या शोधात मामा अंबाडीच्या बाजारात गेले आणि तिथल्या एका दुकानदाराने त्यांना घरगुती घंटी, म्हणजे विजेवर चालणारी छोटी चक्की, दाखवली. मामा ते आजही अपमान म्हणून सांगतात. अखेर मुलाचं हेल्मेट डोक्यावर चढवून ते स्वतःच छिन्नी-हातोडा घेऊन बसले. खाचा एसटीच्या रस्त्यासारख्या पडल्या, पण पडल्या.

दिवाळीच्या तोंडावर इंजिनानं एक ढेकर दिला, काळा धूर सोडला आणि ते चक्क चाललं. धुराड्यावरची पत्र्याची वाटी "कुक-कुक" करू लागली, तशा गावातल्या म्हाताऱ्या दारात आल्या. मामांनी लगेच उद्घाटन ठरवलं. नारळ फुटला. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी परंपरेवर असं घणाघाती भाषण केलं, की शेजारच्या गोडाऊनची जागा त्यांनीच मिळवून दिली, हे क्षणभर सगळे विसरले. टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि मामा म्हणाले, "आता दाणं आणा!"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. अख्ख्या गावात कुणाच्या घरी दळणाचा दाणाच नव्हता! पुढाऱ्यांनी ऐटीत आपली गाडी घरी पिटाळली. गाडी परत आली ती पाकिटातलं पीठ घेऊन. मामांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तेवढ्यात शेठ रिक्षातून उतरले. त्यांच्या बेगमनी भाकरीसाठी तांदळाचा डबा पाठवला होता. त्या दळणाची पहिली भाकरी मामांनी खाल्ली. कचकच आम्हाला लांबवर ऐकू आली. "दगडाला टाकी नवी हाय," मामा घास गिळत म्हणाले, "व्हईल बारीक."

त्यानंतर मात्र चक्कीकडं कुणी फिरकेना. मुलगा येता-जाता शेडची लांबी-रुंदी डोळ्यांनी मोजायचा. मामा रोज आंघोळ करून चक्कीपाशी बसायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या परप्रांतीय कामगारांवर राग काढायचे, "ह्या बाहेरच्यांनी भिवंडी बिघडवली!" एके दिवशी त्या बाहेरच्यांपैकीच एक, लूमवरची शिफ्ट संपवून, पिशवी घेऊन दारात उभा राहिला. "चाचा, भुना चना है. सत्तू पीस दोगे?" मामांनी सत्तू हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण गिऱ्हाईक परत पाठवण्याची त्यांची ऐपत नव्हती. त्यांनी दळून दिलं. त्या माणसानं तिथंच पाण्यात सत्तू कालवला, कांदा-लिंबू-मीठ घातलं आणि पेला मामांपुढं धरला, "गरमी में तो हम यही पीते हैं, चाचा." दुसऱ्या दिवशी मामांनी गावभर सांगितलं, की पोट साफ झालं. गावाला ही माहिती नको होती.

पुढं लूमच्या सुट्टीच्या दिवशी शेडसमोर रांग लागायला लागली. "चाचा, महीन मत करना," असं कुणी म्हटलं की मामा ओरडायचे, "हमको मत सिखाव! हम जॉबर है!" ट्रक आता दुसरीकडं लागतात. मुलगा सकाळी गुपचूप एक पेला सत्तू पिऊन जातो.

परवा, भर उन्हाळ्यात, मी शेलारला गेलो होतो. लूम थंड होते आणि कामगार लग्नसराईसाठी आपापल्या गावी गेलेले. मामा चक्कीजवळ बसून पट्टा पुसत होते. भुवया पिठाविना काळ्या दिसत होत्या. मला म्हणाले, "जावई, तुमच्या मोबाईलमधी त्यांच्या गावाकडचं ऊन दिसतंय का?" मी बघून सांगितलं, की तिकडं आपल्यापेक्षा जास्त तापलंय.

मामांनी फडकं बाजूला ठेवलं.

"म्हंजी सत्तू लागत असंल त्यांना," ते म्हणाले. "तिकडं कोण दळून देतंय, कोण जाणं."