स्पॉकेटच्या कव्हरमागं

गॅरेजवाल्यानं माझी मोटरसायकल शटरच्या आत घेतली नाही. लांबूनच नाकाला फडकं लावून तो ओरडला, "पावणं, आधी ती लांब न्या. हाय ते गिऱ्हाईक पळंल माझं."

"धुऊन आणलीय हो," मी म्हणालो.

"कशानं, गटारीच्या पाण्यानं?"

बाकावर चहा पीत बसलेले दोघं हसले. मीही हसलो. परगावात अशा वेळी माणूस हसतो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नाही.

त्याला मी दोष देत नाही. त्या दिवसांत मी कोल्हापुरातल्या आठ-दहा चिकनच्या दुकानांतून कोंबड्यांची घाण गोळा करायचो. आतडी, मुंडकी, पाय, पिसं, रक्ताचं पाणी. गाडीच्या मागं दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडा आणि त्यात एकेक निळा ड्रम. भरले की शहराबाहेरच्या एका माळावर न्यायचे. तिथं एक कारखाना होता. ही सगळी घाण शिजवायची, वाळवायची, दळून पूड करायची, आणि ती पूड जनावरांच्या खाद्यात जायची. म्हणजे कोंबडी खाऊन उरलेली कोंबडी परत कोंबडीलाच. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. तिसऱ्या दिवशी जेवलो. आपण किती लवकर जेवायला लागतो, याचीही मला किळस आली होती.

माळाच्या शेवटच्या चढाला गाडी दम सोडायची, पहिल्या गिअरमध्येसुद्धा. मग उतरून ढकलायची. ड्रम हिंदकळायचे आणि झाकणाच्या फटीतून कोमट पाणी पोटरीवरून चपलेत उतरायचं. त्या पाण्याला काय म्हणतात मला माहीत नाही, आणि माहीत करूनही घ्यायचं नाही. कारखान्यावरचा माणूस एकदा म्हणाला, "अकराच्या आत माल वर आला न्हाय तर किडं पडत्यात. तुला जमत नसंल तर सांग, दुसरा बघतो." नववीत शाळा सोडलेल्या माणसाला 'दुसरा बघतो' एवढ्यावरून सगळं कळतं.

म्हणून मी गॅरेजवर गेलो होतो. फडकं न काढताच गॅरेजवाल्यानं निदान केलं.

"इंजनात काय न्हाय. पुढचं स्पॉकेट बदल. चेन फिरवतंय ते बारकं दात्याचं चक्र असतंय बघ, इंजनाच्या बाजूला. चौदा दात्याचं हाय, तेराचं टाक. पळायला कमी येईल, पर चढाला बैलागत वडंल."

"मग टाकून द्या ना."

"मी? ह्या गाडीला? लेका, आंघोळ करून आलोय सकाळी." त्यानं नवं स्पॉकेट वर्तमानपत्रात गुंडाळून पायरीवर ठेवलं, वर दोन पाने ठेवले. हातात दिलं नाही. "घरीच कर. दोन बोल्टचं काम. फक्त मागचा ब्रेक दाबायला कुणीतरी घे, न्हाईतर बोल्टासंगट चक्रच फिरतंय."

घरी. तिथंच तर खरी भीती होती.

मी यवतमाळकडचा. चुलत भावाबरोबर इकडं फाउंड्रीत आलो होतो. ते काम सुटलं, भाऊ परत गेला, मी लाजेनं राहिलो. मागच्या अंगणातली एक खोली मला दिली ती अक्कांनी. अक्का लिंगायत, एकट्या राहायच्या, चटणी करून विकायच्या. अंगणात सदा मिरच्या पसरलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बोट दाखवून सांगितलं होतं, "ह्या फाटकाच्या आत मटण न्हाय, अंडं न्हाय, दारू न्हाय. जमत असंल तर ऱ्हा."

"हाव जी," मी म्हणालो.

"हाव जी!" त्या हसल्या. "लई ग्वाड बोलतोस की रं. काम कसलं करतोस?"

"खाद्याचं, अक्का. कोंबड्यांच्या."

खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त घाण होतं. सरळ खोट्याला निदान एक चेहरा असतो. हे असलं अर्धवट खरं रोज नवा कपडा घालून फिरायचं. मी ड्रम माळावरच ठेवून यायचो, कारखान्याच्या नळीनं गाडी धुवायचो, तिथंच शर्ट बदलायचो. तरी अक्का विचारायच्या, "कशाचा रं वास यायलाय गाडीला?" मी म्हणायचो, "खाद्य आंबतं ना, त्याचा." त्या मान डोलवायच्या. वर म्हणायच्या, "रस्त्यावर लावू नगंस, कोण उचलून नेईल. आत लाव, मिरच्यांच्या पल्याड."

मला कावीळ झाली तेव्हा या बाईनं तीन आठवडे कण्या आणि ताक दाराशी आणून ठेवलं होतं. मी झोपलेलो असलो तर भांड्यावर चमचा वाजवायच्या. आईचा फोन आला की मी सांगायचो, इथं माझं सगळं ठीक आहे, देवासारखी माणसं आहेत. आई म्हणायची, "त्याइले दुखवू नको रे बाबू." आणि मी त्यांच्या फाटकातून रोज ती गाडी आत आणत होतो.

सोमवारी अक्का मिरच्या कांडायला डंखावर, कांडपाच्या गिरणीत, जायच्या. डंखावर नंबर लागतो, दोन तास तरी जातात. ब्रेकला वीट बांधून भागवू, त्या यायच्या आत फरशी धुऊन मोकळं होऊ, असा माझा हिशेब. गाडी डबल स्टँडवर घेतली, खाली पोतं अंथरलं, गिअरचा दांडा सोडवायला बसलो. तो गंजून इतका धरला होता की त्यातच तास गेला. मग कव्हरचे बोल्ट. शेवटचा सैल झाला आणि कव्हर आपसूक हातात आलं.

आत स्पॉकेट दिसलंच नाही.

आत एक काळी, ओली गादी होती. ड्रमातून गळलेलं मागच्या चेनवर पडत होतं आणि चेन ते इमानदारीनं पुढं ओढून आणत होती, रोज, कित्येक महिने. ग्रीस, चरबी, रक्त आणि पिसांचा नमदा झाला होता. मी पान्याच्या टोकानं थर उचलला तेव्हा तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला आणि खाली पांढरं काहीतरी हललं. अळ्या. गरम इंजिनाच्या कडेला, अंधारात, मजेत. वास आधी नाकात गेला नाही, सरळ घशात गेला. मी बाजूला जाऊन ओकलो. ओकून आलो आणि परत बसलो, कारण अर्धी उघडी गाडी झाकताही येत नव्हती आणि ढकलून नेताही येत नव्हती.

निम्मं खरवडलं असेल, तेवढ्यात फाटक वाजलं.

"डंखावर करंट न्हाय," अक्का फाटकातूनच बोलत आल्या. डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं. "काय करायलैस रं? अय्यो, काय ह्यो वास!"

त्यांनी गाठोडं ठेवलं आणि वाकून बघितलं. पोत्यावर काळ्या लगद्यात पिसं स्पष्ट दिसत होती.

"बगळा," मी म्हणालो. कुठून सुचलं माहीत नाही. "परवा उसाच्या रस्त्याला बगळा आडवा आला, अक्का. चेनमध्ये गेला."

मला वाटलं होतं, त्या तोंड फिरवतील, आत जातील. त्यांनी पदर खोचला आणि माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या.

"शिव शिव. गरीब जीव. असा कुजवत ठेवत्यात व्हय रं? काढ सगळं, पुरू त्याला."

"अक्का, तुम्ही नका. हात खराब होईल."

"हात धुता येतोय."

आणि त्यांनी हात घातला. मिरच्यांनी तांबडी झालेली त्यांची बोटं त्या लगद्यात गेली. पिसं निवडून त्या एका कागदावर ठेवायला लागल्या, अगदी हळू, पाखराला अजून दुखत असेल अशी. मी बघत बसलो. आजवर मी आतड्यांत कोपरापर्यंत हात घातलेला माणूस. पण त्या क्षणाइतकं घाण मला कधीच काही वाटलं नव्हतं. मला त्यांना थांबवायचं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. तोंड उघडलं तर खोली जाणार, हे माझं डोकं त्याही वेळेला बरोबर सांगत होतं. त्या डोक्याचीसुद्धा मला शिसारी आली.

वाऱ्यानं कागदावरची दोन-चार बारकी पिसं उडाली आणि पलीकडं पसरलेल्या मिरच्यांवर जाऊन बसली. अक्कांनी एकदा तिकडं बघितलं. त्या हातातलं काहीतरी उजेडाला धरून बघत होत्या. नखासकट एक बोट.

"बगळ्याचा पाय काळा असतोय की रं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, नुसतं नवल होतं. "ह्यो पिवळा कसा?"

मग मी सांगितलं. दुकानं, ड्रम, माळ, पूड. एका दमात, खाली बघून, बोल्टशी बोलल्यासारखं.

अक्का उठल्या. नळावर गेल्या. हात धुतले, राखेनं घासले, परत धुतले. डावा तळहात त्यांनी पुन्हा पुन्हा धुतला. मग तो माझ्यासमोर उघडा धरला.

"ह्येच्यावर लिंग ठेवून पूजा करतो मी रोज सकाळी. ठावं हाय तुला?"

"हाव."

"ठावं हाय, आणि घालू दिलास हात."

मी पोत्यावरचा पाना उचलून परत खाली ठेवला.

"कोंबड्याचं काम करतो म्हणून सांगितला असतास तर मी न्हाय म्हटलं असतं. खोली दिली नसती, एवढंच झालं असतं. दुसरी मिळाली असती तुला. पर मला बगळा सांगितलास. मी त्येला पुरायला निघालतो." त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. मग एकदम चढला. "होलसु! उचल ही गाडी माझ्या दारातनं!"

होलसु म्हणजे कानडीत घाण. मला म्हणाल्या की गाडीला, मी विचारलं नाही.

"चाक फिरत नाही, अक्का. गिअरमध्ये अडकलीय, दांडा काढलाय. स्पॉकेट बसल्याशिवाय..."

"मग बसव की!"

"बोल्ट सुटायला कुणीतरी ब्रेक दाबावा लागतो. वीट बांधली होती, सरकते."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. हातातल्या फडक्यानं थोबाडीत मारतील असं वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्या गाडीच्या पलीकडं गेल्या, पदर नाकावर घट्ट धरला, तोंड भिंतीकडं केलं आणि अनवाणी पाय ब्रेकवर ठेवला.

"सोड."

मी पाना लावला. पहिला बोल्ट करकरला आणि सुटला.

"सुटला?"

"एक सुटला."

"तोंडानं सांगू नगंस, काम कर."

दुसरा सुटला. जुनं स्पॉकेट निघालं. दात झिजून आकड्यासारखे वाकले होते. नवं बसवलं, चेन चढवली. पुन्हा ब्रेक, पुन्हा बोल्ट आवळणं. चक्र लहान झाल्यानं चेन लोंबत होती, म्हणून मागचं चाक सैल करून मागं ओढलं. पाऊण तास. त्या सगळ्या वेळात अक्का पाय दाबून उभ्या होत्या, आणि एकदा पदरातच त्यांना उमळलं तरी पाय काढला नाही. उपकार इतका कडू असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

गाडी बाहेर काढून मी गल्लीच्या टोकाला लावली. फरशी फिनेलनं धुतली. मग खोलीत जाऊन बॅग भरायला घेतली. कपडे, चार्जर, आईनं दिलेली गोधडी. भरून बाहेर आलो तर अक्का पसरलेल्या सगळ्या मिरच्या गोळा करून पोत्यात कोंबत होत्या.

"अक्का, चार पिसं होती. मी निवडून देतो."

"ह्या इकायच्या न्हाईत. लोकं माझ्या घरची म्हणून नेत्यात." त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. "नेऊन टाक लांब. आणि ती बॅग कशाला काढलीस?"

"तुम्ही म्हणालात..."

"गाडी उचल म्हटलं. पुन्हा ती फाटकाच्या आत दिसली तर तू बी दिसायचा न्हाईस. आणि माझ्याम्होरं परत असलं काय बोललास तर बघ." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या दिवशी माफी त्यांनी दिली नाही, मी मागितली नाही. माझी मागायची छातीच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही ड्रम भरून माळाच्या चढाला लागलो. गाडी न थांबता, न उतरता, गुरगुरत वर गेली. एक दाता कमी करून एवढा फरक. सपाटीला मात्र इंजिन किंचाळत होतं. अकराला वीस मिनिटं कमी असताना ड्रम खाली उतरवले. कारखान्यावरच्या माणसानं घड्याळ बघितलं आणि ड्रम कुठं ओतायचे ते बोटानं दाखवलं, म्हणजे काम राहिलं. मी झाकण उघडलं, माश्यांचा ढग अंगावर आला, आणि काम राहिल्याचा आनंद करायला मला जागाच सापडली नाही.

संध्याकाळी गाडी लांब लावून मी पायी आलो. फाटकातून थेट मागच्या नळावर. बादलीभर पाण्यानं आंघोळ केली.

आतून आवाज आला, "झाली आंघोळ?"

"झाली, अक्का."

"परत कर."

मी परत केली. साबणाची वडी निम्मी झिजवली. खोलीत जाऊन बसलो, दिवा न लावता. रोज अक्कांकडं जेवायला जायची सवय होती आणि आज पाय उचलत नव्हता. मग दाराबाहेर भांड्यावर चमचा वाजला.

भाकरी, वांग्याची भाजी, चटणी. ताट उंबऱ्यावर नव्हतं, दोन हात पलीकडं, फरशीवर ठेवलेलं होतं, आणि अक्का पाठमोऱ्या चालत गेलेल्या. मी पहिला घास तोंडाशी नेला. चटणीच्या झणक्याखालून माझ्या नखांतला तो वास आला, तस्साच. मी डोळे मिटले आणि खाल्लं.